रुमाल टाकलेल्या जागा: जी लीगच्या दारातले सात महिने

जुलै २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात एका रात्री आमचा पोट्टा ओट्याला टेकून म्हणाला, "आई, मला जी लीगचा ट्रायआउट द्यायचाय. दोनशे डॉलर फी आहे, परत मिळत नाही." जी लीग म्हणजे एनबीए या अमेरिकेतल्या सर्वोच्च बास्केटबॉल लीगच्या खालची लीग, आणि ट्रायआउट म्हणजे तिथल्या संघाची निवड चाचणी. मी भांडी विसळत होते. 'परत मिळत नाही' एवढंच मला नीट ऐकू आलं.

गेल्या वर्षभरात महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांत तीन-चार आयांनी मला कोपऱ्यात गाठून तेच तेच प्रश्न विचारलेत: जी लीगमध्ये शिरायचं कसं, खर्च किती. कोणाचा मुलगा कॉलेजात खेळतो, कोणाचा भाचा पुण्याहून विचारतोय. प्रत्येकीला तासभर फोनवर सांगण्यापेक्षा सगळं एकदाच तारीखवार लिहून काढते. मुलगा एनबीएत गेला नाही, हे आधीच सांगून टाकते. जी लीगच्या एका संघात तो १९ दिवस होता.

मी नागपूरची. सिमेंटच्या कोर्टवर गुडघे फोडून घेत विद्यापीठाच्या संघापर्यंत खेळले, मग लग्न करून इकडे आले, आता शिकागोच्या पश्चिमेला राहतो. नवऱ्याचा खेळाशी संबंध टीव्हीवरच्या क्रिकेटपुरता. मुलगा इथेच जन्मलेला, सहा फूट तीन इंच उंच, पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू आणून खेळ रचणारा. डिव्हिजन थ्रीच्या, म्हणजे कॉलेजच्या खेळातल्या तिसऱ्या पायरीवरच्या, एका लहान कॉलेजकडून चार वर्षं खेळला. डिव्हिजन थ्रीत खेळाची स्कॉलरशिप नसते, त्यामुळे फी आम्हीच भरली. मे २०२४ मध्ये पदवी झाली आणि तो एका जिममध्ये सकाळच्या पाळीला लागला. घरात सहा फूट तीन म्हणजे ताडमाड. बास्केटबॉलच्या बाजारात गार्डसाठीही बेताचीच उंची.

जी लीगचे सामने आम्ही आधी पाहिले होते. आमच्यापासून अर्ध्या तासावर हॉफमन इस्टेट्सला २०१६ पासून विंडी सिटी बुल्स खेळतात, तिकीट स्वस्त, पार्किंग मोकळं. पण बघणं वेगळं आणि त्यात शिरायचं कसं हे कळणं वेगळं. म्हणून ऑगस्टभर रात्री मी एक्सेलची फाइल उघडून बसले.

ही लीग २००१ मध्ये सुरू झाली तेव्हा फक्त ८ संघ होते, सगळे अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या मध्यम शहरांतले. २००५ पासून ती डी लीग झाली. २०१७ मध्ये गेटोरेड या पेयाच्या कंपनीने नाव विकत घेतलं, तो 'जी' तिथला. २०२४-२५ मध्ये फिनिक्सलाही संघ मिळाला आणि एनबीएच्या ३० पैकी प्रत्येक संघाचा खाली एक धाकटा संघ झाला. शिवाय मेक्सिको सिटीचा कापितानेस, असे ३१. नोव्हेंबरात सुरुवात. आधी एक स्पर्धा, मग डिसेंबरात ऑर्लँडोला सगळ्या संघांचा मेळावा, त्यानंतर गुणतक्ता कोरा करून मार्चअखेरपर्यंत त्या वर्षी ३४ सामने. एनबीएत आज खेळणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे कधी ना कधी या लीगमधून गेलेले आहेत. हा आकडा ऐकून मी हुरळले होते. त्यातला घोळ पुढच्या आठवड्यात उमगला.

लहानपणी आम्ही सुट्टीत नागपूरहून यवतमाळला एसटीने जायचो. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या, एखादं शेंबडं पोरसुद्धा आत गेलेलं असायचं. आत चढलं की गाडी रिकामी दिसायची आणि बसायला एक जागा नसायची. जी लीगचा संघ थेट तसा असतो.

पहिला रुमाल वरच्या एनबीए संघाचा. त्यांचा एखादा नवखा किंवा दुखापतीतून उठलेला खेळाडू सरावासाठी खाली पाठवला जातो. त्याचा पगार वरचाच, लाखो डॉलर. दुसरा रुमाल 'टू-वे' वाल्यांचा. प्रत्येक एनबीए संघाला असे तीन खेळाडू ठेवता येतात, ते वर-खाली करत राहतात, वर जास्तीत जास्त ५० सामन्यांसाठी उभे राहू शकतात आणि २०२४-२५ मध्ये त्यांना ५,७८,५७७ डॉलर होते. तिसरा रुमाल 'एक्झिबिट १०' नावाच्या कराराचा. एनबीए संघ ऑक्टोबरात कोणाला तरी सराव शिबिराला बोलावतो, मग सोडतो. तो खेळाडू त्याच संघाच्या जी लीग शाखेत ६० दिवस टिकला तर वर बोनस, त्या वर्षी ७७,५०० डॉलरपर्यंत. चौथा रुमाल त्या शाखेकडून पूर्वी खेळलेल्यांचा, कारण त्यांचे हक्क संघाकडेच असतात. पाचवा ऑक्टोबरातल्या ड्राफ्टमधून, म्हणजे संघ पाळीपाळीने खेळाडू निवडतात त्यातून, घेतलेल्यांचा. एवढं सगळं झाल्यावर मागच्या चाकावरची जी अर्धी जागा उरेल, ती ट्रायआउटवाल्याची. त्याला त्या वर्षी सीझनचे ४३,००० डॉलर, राहण्याची सोय आणि आरोग्य विमा.

एकाच रात्री एकाच कोर्टवर, एकाच रंगाच्या बनियनमध्ये, लाखो डॉलर कमावणारा आणि चाळीस हजारांवाला एकमेकांना पास देत असतात. हे मला आजही चमत्कारिक वाटतं.

मुलाला हे सगळं माहीत होतं. त्याने मला जॉनथन सिमन्सची गोष्ट सांगितली. २०१३ मध्ये त्याने याच लीगमधल्या ऑस्टिन टोरोजच्या ट्रायआउटला १५० डॉलर भरले आणि २०१५ मध्ये तो सॅन अँटोनियो स्पर्सकडून एनबीएत खेळला. मी म्हटलं, सगळे एकाच माणसाची गोष्ट सांगतात म्हणजे दुसरी पटकन सापडत नसणार. त्याला राग आला. पण दोनशे डॉलर मी भरले.

नागपूरला आईला फोनवर सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "काऊन गं, पगार भेटते का त्यात?" भेटला तर भेटते, म्हटलं.

आता कागदपत्रं. ट्रायआउटचा अर्ज संघाच्या वेबसाइटवर असतो, प्रत्येक संघाचा वेगळा, तारीखही वेगळी, साधारण सप्टेंबर ते ऑक्टोबरची सुरुवात. आमचा संघ घरापासून चार तासांवरचा. पुढे थोडी कुरकुर करणार आहे, म्हणून नाव देत नाही. अर्जासोबत पात्रतेचा फॉर्म होता: जन्मतारीख, हायस्कूल कधी संपलं, कॉलेजात किती सीझन खेळलात. हा फॉर्म हलक्यात घेऊ नका. ज्यांची कॉलेजची खेळायची वर्षं शिल्लक आहेत त्यांनी सही करण्याआधी आपल्या कॉलेजच्या ऑफिसात विचारावं, कारण व्यावसायिक लीगकडे वळलं की तो दरवाजा बंद होऊ शकतो. मग दुखापत झाली तर आमची जबाबदारी नाही, अशा अर्थाची दोन पानं. २६ वर्षांखालचा मुलगा आईबापांच्या विम्यावर राहू शकतो. तो विमा चालू आहे ना, हे मी सही करण्याआधी फोन करून बघितलं. त्या फोनला ४० मिनिटं गेली.

भारतातून विचारणाऱ्यांसाठी: आमचा मुलगा इथला नागरिक, त्यामुळे व्हिसाचा प्रश्न आला नाही. पण एच-१बीवर सॉफ्टवेअरची नोकरी करणारा माणूस हौसेने निवडला गेला तरी दुसऱ्याकडून खेळाडू म्हणून पगार घेऊ शकत नाही. खेळाडूंसाठी पी-१ नावाचा वेगळा व्हिसा असतो आणि तो मालकाने मागावा लागतो. आपली पोरं तिथवर पोचलेली आहेत. २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने ५२ व्या क्रमांकावर निवडलेला सतनामसिंग त्यांच्या फ्रिस्कोच्या शाखेत, टेक्सस लेजंड्सकडून खेळला. २०१७-१८ मध्ये अमज्योतसिंग ओक्लाहोमा सिटी ब्लूकडून खेळला. सगळी पंजाबची नावं. महाराष्ट्राचं नाव त्यात कधी येईल ते येवो.

ऑगस्टमध्येच इन्स्टाग्रामवर एकाने मुलाला गाठलं. 'मी एजंट, ५०० डॉलर द्या, ट्रायआउटच्या कोचला तुझा व्हिडिओ दाखवतो.' पोट्टा जवळपास भरणार होता. ट्रायआउटला एजंट लागत नाही. फी फक्त संघाच्या वेबसाइटवरून भरायची, दुसऱ्या कुठल्याही खात्यात नाही. एवढं एक वाक्य कोणी मला जूनमध्ये सांगितलं असतं तर आमच्या घरातलं एक भांडण वाचलं असतं.

१४ सप्टेंबर, शनिवार. दीड दिवसाचा गणपती ८ तारखेला पोचवला होता, उरलेल्या सारणाच्या करंज्या मी डब्यात घातल्या. आदल्या रात्री ९५ डॉलरच्या मोटेलात उतरलो. सकाळी आठला हजेरी. दारावरच्या मुलीने ओळखपत्र बघितलं, मुलाच्या हातात ६१ नंबरचं पातळ बनियन दिलं आणि मला हसून म्हणाली, पालकांना आत सोडत नाही. मी गाडीत जाऊन बसले.

त्या पार्किंगमधले सहा तास मला ट्रायआउटपेक्षा जास्त आठवतात. ऐंशी-नव्वद जण आले असतील. बरीचशी पोरं एकटीच आली होती, गाडीतच झोपलेली, डॅशबोर्डवर पाय टाकून. शेजारच्या गाडीत एक बाई मांडीवर बाळ घेऊन बसल्या होत्या. त्यांचा नवरा ३३ वर्षांचा, रात्री पार्सलं वाटायची नोकरी, पाळी संपवून नऊ तास गाडी चालवत आलेला. मी विचारलं, पहिल्यांदाच? त्या म्हणाल्या, पाचव्यांदा. दर वर्षी एकदा. लोक मासे पकडायला जातात तसं. मी करंजी दिली, त्यांनी ती दोन्ही बाजूंनी वळवून बघितली, कड मोडून बाळाच्या हातात दिली. बाळाने सारण सगळं सीटवर सांडलं. दुपारी तो गृहस्थ बाहेर आला तेव्हा त्याच्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी बांधलेली होती आणि चेहरा अगदी निवांत होता. टेबलाशी थांबून पुढच्या वर्षीची तारीख विचारून मगच तो गाडीत बसला.

आत काय झालं ते मुलाकडून कळलेलं. गरम होणं, धावणं, तीन जणांचे पासिंगचे प्रकार, आणि मग जवळजवळ सगळा वेळ पाचाला पाच सामने, आठ-आठ मिनिटांचे. तो म्हणाला, "सगळेच स्वतः शूट करत होते. प्रत्येकाला वाटत होतं, आठ मिनिटांत मला दिसायचंय." याने दोन सामन्यांत मिळून तीनदाच बास्केटकडे फेकला असेल. बचावात ओरडत राहिला, कोण कुठून येतोय ते सांगत राहिला. डिव्हिजन थ्रीच्या त्याच्या कोचने चार वर्षं हेच घोकून घेतलं होतं. दुपारच्या फेरीला पंचवीस जण ठेवले, त्यात ६१ होता. मग हात मिळवले, आभार, कळवू.

'कळवू' म्हणजे कधी, हे कोणी सांगितलं नाही. माझी कुरकुर इथे आहे. दोनशे डॉलर घेतलेत तर 'तुमचं झालं नाही' एवढी एक ओळ ९० जणांना पाठवायला काय जातं? आठवडा गेला, दोन गेले. मुलगा जिममध्ये फोन खिशात ठेवून काम करायचा, त्यावरून मॅनेजरची बोलणी खाल्ली. मी नागपूरच्या दिवसांत जिल्ह्याच्या संघाची यादी बघायला ऑफिसच्या फळ्यापाशी जायचे. निळ्या शाईतली नावं, बारावं संपलं की खाली रेघ. रेघेपर्यंत वाचायचं आणि सायकल काढायची. त्या रेघेची मला या सप्टेंबरात फार आठवण झाली.

९ ऑक्टोबरला, बुधवारी, फोन आला. शिबिराला या.

मग ईमेलमधून फॉर्मांचा पाऊस. एक गोष्ट इथे कळली: खेळाडूचा करार संघाशी नसतो, लीगशी असतो. पगाराचा आकडा सगळ्यांना एकच, घासाघीस नाही. सीझनचा आकडा लिहिलेला असला तरी जेवढे दिवस यादीत, तेवढ्याच दिवसांचे पैसे. वैद्यकीय तपासणी, ईसीजी, उत्तेजक चाचणीला संमती, बँकेचा तपशील, कामाच्या हक्काचा आय-९, कराचा डब्ल्यू-४. आणि आम्ही अडकलो ते आपल्या मराठी रिवाजात. पासपोर्टवर मुलाचं मधलं नाव म्हणजे वडिलांचं पूर्ण नाव, सोशल सिक्युरिटी कार्डावर नुसतं आद्याक्षर, कॉलेजच्या कागदांवर मधलं नावच नाही. पगार बघणाऱ्या बाईंनी तीनदा ईमेल करून विचारलं की हे तिघे एकच आहेत का. वडिलांचं नाव मधे लावायची आमच्याकडे पद्धत आहे, असं मी चार ओळींत समजावून लिहिलं. मुलं लहान असतानाच सगळीकडे नाव एकसारखं करून घ्या. बास्केटबॉल खेळोत न खेळोत.

शिबिर सोमवारी, २८ ऑक्टोबरला सुरू झालं. हॉटेलात दोघांत एक खोली, दिवसाला दोन सराव, रात्री व्हिडिओ. सोबतचा मुलगा ड्राफ्टमधून आलेला, डिव्हिजन वनचा, शांत. पहिल्या तीन दिवसांत आमच्या पोट्ट्याचे मेसेज आले ते असे: 'बरं चाललंय.' 'पाय गेलेत.' 'इथे सेंटर माझ्यापेक्षा जोरात पळतो.' सेंटर म्हणजे संघातला सगळ्यात उंच गडी.

त्याच दिवसांत वर एनबीएचा सीझन सुरू झाला होता आणि वरून गळालेले खाली यायला लागले होते. एक्झिबिट १० चे दोन, टू-वेचा एक. रोज सकाळी न्याहारीला एखादा नवा उंच माणूस आणि एखादी रिकामी खुर्ची. २ नोव्हेंबरला पाडवा होता. मी सकाळी अकराला नवऱ्याला ओवाळून तबक खाली ठेवते तोच मुलाचा फोन आला. कोचने खोलीत बोलावलं, चार मिनिटं बोलले, नीट बोलले. तू चांगला आहेस, गार्डच्या जागा भरल्या, फोन चालू ठेव. घरी यायचं बसचं तिकीट त्यांनीच काढून दिलं.

रविवारी भाऊबीज. बहिणीने ओवाळलं आणि ओवाळणी मागितली. त्याने शिबिरात मिळालेले दोन जोडी मोजे तिच्या ताटात टाकले. ती अजून ते घालते.

आता या पुढचा भाग फारसा कोणाला माहीत नसतो. शिबिरातून सोडलं म्हणजे घरी जा, संपलं, असं नाही. एकदा लीगचा करार केला की सुटल्यावर नाव आधी 'वेव्हर'वर जातं, म्हणजे बाकीच्या संघांना उचलायची संधी. कोणी उचललं नाही की ते उपलब्ध खेळाडूंच्या साठ्यात पडतं, त्याला नुसतं 'पूल' म्हणतात. सीझनभर कोणाचा खेळाडू जायबंदी झाला, कोणी युरोपात पैसे मिळाले म्हणून गेला, की संघ या पूलमधून माणूस उचलतात. तिथे नाव असणं हेच ट्रायआउटचं खरं फळ, असं माझं मत झालंय. दोनशे डॉलर आम्ही प्रतीक्षायादीत नंबर लागावा म्हणूनच भरले होते म्हणा ना.

आणि ही यादी सरकते कधी? ५ जानेवारीनंतर. त्या तारखेपासून एनबीए संघांना दहा दिवसांचे करार करता येतात. जी लीगमध्ये बरा खेळणारा एखादा वर उचलला जातो, खाली एक जागा होते, तिच्यासाठी आणखी खालून कोणी तरी सरकतं. म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरात कोणी विचारलं नाही तरी घाबरायचं नाही, असं मी आज सांगू शकते. तेव्हा आम्ही घाबरलोच होतो. मुलगा पहाटे पाचला उठून कोर्टवर जायचा, मग जिमची पाळी, संध्याकाळी एका हायस्कूलच्या संघाला फुकट मदत. बॅग भरून दाराशी ठेवलेली: बूट, पासपोर्ट, वैद्यकीय तपासणीच्या कागदाची प्रत. संक्रांतीला तिळगूळ देताना नवरा त्याला म्हणाला, मार्चपर्यंत बघ, मग पुढच्या शिक्षणाचे अर्ज भर. दोघंही त्यावर काही बोलले नाहीत.

२३ जानेवारी २०२५, गुरुवार. वर एनबीएत एका गार्डचा घोटा मुरगळला. खालून टू-वेवाला वर गेला. आणखी एकाला दुसऱ्या संघाने दहा दिवसांसाठी नेलं. तिसऱ्याला ताप. दुपारी एकला फोन, सहाचं विमान. माझ्या मुलाचं नशीब असं एका अनोळखी पोराच्या घोट्याला बांधलेलं होतं. त्याला लवकर बरं वाटो असं मनापासून म्हणायला मला दोन दिवस लागले, हे कबूल करते.

त्या १९ दिवसांत ७ सामने झाले. तो त्यांतल्या तिघांत उतरला, सगळा वेळ मिळून १४ मिनिटं. प्रवास साध्या विमानांनी, सगळ्या प्रवाशांसोबत, पहाटेच्या फ्लाइटने. सहा फूट दहा इंचाचा सहकारी मधल्या सीटवर गुडघे छातीशी घेऊन झोपलेला, असा फोटो त्याने मला पाठवला होता.

१ फेब्रुवारीला, शनिवारी, घरच्या मैदानावर सामना होता. बर्फातून चार तास गाडी हाकत गेलो. तिकीट १८ डॉलर, तिसरी रांग, निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या. इतक्या जवळून बुटांचा चर्र आवाज येतो, कोचची शिवी येते. चौथ्या डावात सहा मिनिटं राहिली असताना, संघ २० ने मागे, त्याला उतरवलं. दुसऱ्याच चेंडूवर तो आत घुसला आणि त्याला पाडलं.

इथला एक नियम सांगायला हवा. एनबीए नवे प्रयोग आधी या लीगवर करून बघते. २०१९-२० पासून इथे दोन फ्री थ्रोच्या, म्हणजे फाऊल झाल्यावर मिळणाऱ्या मोकळ्या फेकींच्या, जागी एकच फेक असते आणि तिचेच दोन गुण. तीन फेकींच्या जागीही एकच, तिचे तीन. फक्त चौथ्या डावाची शेवटची दोन मिनिटं आणि जादा वेळ वगळून. सामना लवकर आटपतो म्हणे. माझे नागपूरचे सर सांगायचे, पहिली फेक अंदाजाची, दुसरी गुणांची. इथे अंदाजाला जागाच नाही.

तो रेषेवर उभा राहिला, चेंडू तीनदा आपटला. माझ्या मांडीवर नवऱ्याचा हात होता आणि तो मी किती जोरात दाबला ते नंतर कळलं. चेंडू कड्याच्या मागच्या बाजूला लागला, सरळ वर उडाला, कड्यावर एकदा टेकला आणि पुढून खाली पडला. दोन गुण गेले. मागच्या रांगेत एक लहान मुलगा पॉपकॉर्न खात म्हणाला, "ओह." मुलाने मान हलवली नाही की हात झटकला नाही, वळून बचावाला पळाला. मला कॉलेजातला माझा एक चुकलेला फ्री थ्रो आठवला, तेव्हा मी कोर्टवरच रडले होते.

पुढच्या आठवड्यात परगावच्या सामन्यात, दुसऱ्या राज्यात, त्याने एक ले-अप टाकला, म्हणजे पळत जाऊन बास्केटच्या अगदी जवळून फेक. सबंध सीझनचे त्याचे दोन गुण ते. तो आम्ही लॅपटॉपवर पाहिला. चित्र नेमकं तेव्हा अडकलं, परत सुरू झालं तर तो पळत मागे चालला होता आणि फळ्यावर दोन वाढले होते.

१० फेब्रुवारीला घोटेवाला बरा झाला, साखळी उलट फिरली, आमचा परत घरी. या वेळी बोलणं दोन मिनिटांचं. बूट त्याचेच राहिले, बनियन परत द्यावं लागलं. आईला नागपूरला फोन केला. "पगार भेटला न?" भेटला, म्हटलं. "मंग झालं."

खर्चाचं विचारतात म्हणून: फी २००, ऑगस्टमध्ये एका ट्रेनरकडे दहा तासांचे ४००, मोटेल, पेट्रोल आणि बूट मिळून आणखी ५०० च्या आसपास. शिबिर आणि पुढचा प्रवास संघाचा. १९ दिवसांचा पगार साधारण ५,७००, कर जाऊन हातात ४,४०० पडले असतील. जिमने तीन आठवड्यांत त्याची सकाळची पाळी दुसऱ्याला दिली होती, तो तोटा यात धरलेला नाही. ज्यांना हे करायचंय त्यांनी कामाच्या ठिकाणी आधीच लेखी बोलून ठेवावं.

सध्या तो त्या हायस्कूलच्या संघाचा सहायक कोच आहे, आता पगारी, आणि फिजिओथेरपीच्या प्रवेशाच्या मागे लागलाय. २०२५ चा ट्रायआउट त्याने दिला नाही. तारीख आली त्या दिवशी मीही काही विचारलं नाही.

२०२६ च्या जानेवारीत लीगचा डब्ल्यू-२, म्हणजे पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, पोस्टाने आला. ज्या राज्यात खेळलात तिथे त्या दिवसांचा कर कापला जातो, म्हणून १९ दिवसांच्या पगाराची तीन राज्यांत वाटणी. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन मी त्याचे फॉर्म भरायला बसले. एका राज्याकडून ११ डॉलर परत मिळणार होते आणि तो फॉर्म पाठवायचे सॉफ्टवेअर ४० डॉलर मागत होतं. मी म्हटलं, "हे राहू दे, यात २९ चा तोटा आहे."

"भर, आई," तो म्हणाला. "दोन पॉइंट तिथेच केलेत मी."